आवाज सहावर ठेवून पाहिलेले सिनेमे

लेक सात महिन्यांची आहे आणि तिची झोप भलतीच सावध. त्यामुळे सध्या आमच्या टीव्हीचा आवाज सहाच्या वर जात नाही. सात केला की आतल्या खोलीतून हुंकार येतो, आठला थेट भोकाड. गेल्या महिनाभरात जे काही पाहिलं ते सगळं असं, ती झोपल्यावर, सबटायटल्स लावून. तेव्हा ही मतं त्या सहा आकड्यावरची आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात 'अ क्वाएट प्लेस'ने (२०१८) केली, कारण नावच आमच्या घराला साजेसं. आवाज झाला की झडप घालणारे प्राणी आणि त्यांच्यापासून जीव वाचवणारं एक कुटुंब. वाटेवर वाळू पसरलेली, सगळे अनवाणी, बोलणं हातांनी. मोठ्या मुलीचं काम करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतः कर्णबधिर आहे, आणि सिनेमा तिच्या बाजूने बघायला लागला की आपलेही कान बंद होतात. एरवी मी राक्षसांना फारसा भीत नाही. पण जिन्यातला तो खिळा! कपड्यांचं पोतं वर ओढताना खिळा उभा राहतो, आपल्याला दिसतो, पोतं ओढणाऱ्या आईला नाही. तेव्हापासून मी पाय सोफ्यावर घेऊन बसलो. त्यात ती गरोदर. बाळ जन्मलं की रडणारच, म्हणून आवाज बाहेर जाऊ नये अशी एक पेटी आणि ऑक्सिजनचा मास्क तयार ठेवलेला. त्या पेटीपाशी बायको म्हणाली, ''तू बघ, मी चालले झोपायला.'' जाताना लेकीच्या पाळण्यापाशी जरा जास्तच वेळ थांबली. शेवटी त्या प्राण्यांवर सापडलेला उपाय मला पटला नाही. इतकी साधी गोष्ट जगातल्या एकाही सैन्याला सुचू नये?

मग एक नवा थ्रिलर लावला. नाव घेत नाही. त्यात सगळे कुजबुजतात आणि खून झाला की कानाशी पत्रा बडवल्यासारखं संगीत. कुजबुजीला सहा, खुनाला तीन, असा चाळीस मिनिटं अंगठ्याचा व्यायाम झाला. शेवटी सेटिंगमध्ये नाइट मोड सापडला. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो, तान्हं मूल असलेल्यांनी जरूर शोधावा. तो लावल्यावर संवाद स्वच्छ ऐकू आले आणि कळलं, आधीच बरं होतं.

'परफेक्ट डेज'वर (२०२३) बोलायचा मला अधिकार नाही. टोकियोतली सार्वजनिक शौचालयं साफ करणारा माणूस भांड्याची खालची बाजू छोट्या आरशात तपासतो, इथवर आठवतं. दोष सिनेमाचा नाही, मी तीन रात्री जागलो होतो.

'गॉडझिला मायनस वन'ची (२०२३) डरकाळी सहावर ऐकली तर वरच्या मजल्यावर कुणीतरी टेबल सरकवल्यासारखी वाटते. (१९५४च्या मूळ सिनेमात ती डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवर चामड्याचा हातमोजा घासून काढली होती, म्हणजे मी फार चुकलो नाही.) तरी सिनेमा पुरून उरला. तो राक्षसाचा कमी आणि युद्धातून जिवंत परतल्याची लाज वाटणाऱ्या वैमानिकाचा जास्त आहे. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनीच त्यातलं व्हीएफएक्सचं, म्हणजे संगणकी दृश्यकरामतींचं, कामही सांभाळलं आणि त्यासाठी ऑस्कर मिळवलं.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'वरून (१९५७) मात्र घरात वाद झाला. बायकोला हिंदीतला 'एक रुका हुआ फ़ैसला' (१९८६) जास्त आवडतो, तोही पंकज कपूरसाठी. मी मूळ सिनेमाच्या बाजूचा. एक खोली, खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवणारी १२ ज्युरी माणसं, ९६ मिनिटं. दिग्दर्शक सिडनी लुमेट यांनी कॅमेरा हळूहळू खाली आणत नेला आणि लेन्स बदलत नेल्या, त्यामुळे भिंती जवळ येतात आणि शेवटी शेवटी छत दिसायला लागतं. हे मी आधी वाचलेलं होतं. तरी पाहताना लक्षात आलं नाही, फक्त उठून खिडकी उघडावीशी वाटली. बाराजण एकदम भांडायला लागले की सहासुद्धा जास्त होतो, चारवर आणावा लागला.

आणि 'फ्लो' (२०२४). लाटवियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांनी ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला अ‍ॅनिमेशनपट. महापूर, एक होडी, तिच्यात मांजर, कुत्रा, माकडासारखा लेमूर, अवाढव्य उंदरासारखा कॅपिबारा आणि एक उंच पक्षी. संवाद एकही नाही, म्हणून वाटलं आज तरी निर्धास्त. मांजराचं मांजरपण इतकं नेमकं पकडलंय की माणसासारखं ते एकदाही वागत नाही, आधी पंजा लावून बघतं, मग विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतं. प्राण्यांचे आवाज खरे आहेत, पण कॅपिबाराला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय. नेमक्या त्याच आवाजाला लेक उठली. मांडीवर घेतली तर रडायचं सोडून पडद्याकडे टक लावून बसली. इतक्या लहान वयात टीव्ही दाखवू नये, माहीत आहे, मीही मग तिचं तोंड खांद्याकडे वळवलं. मान पुन्हा तिकडेच.

दुसऱ्या रात्री मी तो पहिल्यापासून पुन्हा लावला. आवाज पाचवर.