खरं नाव की टोपणनाव? कॉपीराइटच्या मुदतीत पडणारा फरक

पहिली कादंबरी तयार आहे, पण मुखपृष्ठावर खरं नाव घालावं की टोपणनाव, यावर अडलेल्यांनी मुदतीचा हिशेबही करावा. तो सहसा कोणी करत नाही.

खऱ्या नावाने छापलेल्या साहित्यकृतीला भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं संरक्षण मिळतं. टोपणनावाने छापली, तर 60 वर्षं प्रकाशनापासूनच मोजतात. दोन्हीकडे मोजणी पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून. समजा, तिशीतल्या लेखिकेचं पुस्तक 2025 मध्ये आलं आणि ती 2075 मध्ये वारली. खऱ्या नावाने हक्क 2135 अखेर टिकेल, टोपणनावाने 2085 अखेर. थेट 50 वर्षांचा फरक! पंच्याहत्तरीत पहिलं पुस्तक काढणाऱ्याला मात्र हा फरक बहुधा किरकोळच.

पण टोपणनावाची वाट बंद गल्ली नाही. ती 60 वर्षं संपण्याआधी लेखक आणि प्रकाशक दोघांनी खरी ओळख जाहीर केली, तर मृत्यूनंतरच्या 60 वर्षांचा नियम लागू होतो.

पुराव्याच्या बाबतीत खरं नाव सरस. पुस्तकावर ज्याचं नाव, तोच लेखक असं न्यायालय आधी गृहीत धरतं. टोपणनाव असेल तर करार, हस्तलिखितं, ईमेल जपून ठेवायलाच हवेत. नोंदणी दोन्हीकडे ऐच्छिक.

वारसांना मानधन मिळत राहावं असं वाटणाऱ्या तरुण लेखकाने खरं नाव घालावं. नोकरी किंवा घरच्यांमुळे आडोसा हवा असेल, तर टोपणनाव चालेल. फक्त ओळख पुढे कधी, कशी जाहीर करायची ते प्रकाशकाच्या करारातच लिहून घ्यावं.