दोन कुलपांची बंदूकपेटी: पत्रा दणकट, घोळ चाव्यांचा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे बंदूक ठेवायची लोखंडी पेटी मापं देऊन करून घेता येते. चोरापासून आणि नातवंडांपासून जपायचं एवढंच असेल, तर बरी दिसेल ती घ्या. इथे प्रश्न वेगळा आहे. म्हाताऱ्यांची झोप उडालीय, जेवण कमी झालंय, व्यवहार मुलाच्या हाती गेल्यापासून बोलणं तुटलंय आणि बारा बोअरची दुनळी त्यांच्याच खोलीत आहे. अशा निफाड-दिंडोरीकडच्या घरात ही पेटी किती उपयोगाची?

जीव द्यायची टोकाची ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळी बंदूक हाताशी नसली तर माणूस वाचू शकतो. वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पेटीचं काम तेवढी वेळ काढून देणं, एवढंच.

आधी मापं. तीस इंची नळ्यांची दुनळी जोडलेली ठेवायची तर आतली उंची पन्नास इंच लागते. त्यापेक्षा पुढचं लाकूड काढून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, तर छत्तीस इंचांत काम होतं आणि पेटी कपाटाच्या तळाशी बसते. पत्रा 18 गेजचा मागा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. न सांगता 22 गेज लावून देतात, तो जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो आणि दाराच्या कडेला पहार घातली की वाकतो. बिजागऱ्या आतून हव्यात. काडतुसांना वेगळा, वेगळ्या किल्लीचा कप्पा हवाच. मागच्या बाजूने 10 मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट नऊ इंची भिंतीत घ्या. साडेचार इंची भिंतीत ते सैल होतात, मातीच्या भिंतीत तर धरतच नाहीत. तिथे पेटी खाली कोब्याला ठोका.

आत फोमचं अस्तर देतात, ते नको म्हणून सांगा. दिसायला छान, पण पावसाळ्यात ओल धरतं आणि नळीला तांबेरा चढतो. लाकडाच्या दोन खाचा, तेलाचा हात आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

आता मुख्य गोष्ट. साध्या पेटीला एक कुलूप असतं आणि किल्ली परवानाधारकाच्या, म्हणजे म्हाताऱ्यांच्याच, करगोट्याला. ज्यांच्यासाठी पेटी आणली तेच ती कधीही उघडू शकतात. डिजिटल कुलपाचं तेच, आकडा त्यांनाच पाठ. किल्ली सरळ मुलाच्या हाती द्यावी, तर परवाना त्याच्या नावावर नाही आणि विनापरवाना शस्त्र ताब्यात ठेवल्याचा पेच उभा राहतो. म्हणून बँकेच्या लॉकरसारखी दोन कुलपं. एक किल्ली म्हाताऱ्यांकडे, दुसरी मुलाकडे किंवा सुनेकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. पंधरा दिवसांनी तेल द्यायला दोघांनी मिळून उघडायची. तेवढ्या निमित्ताने बापलेक दहा मिनिटं एकत्र बसतात, हा फायदा कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो.

गडबड होते ती जादा चाव्यांत. दर कुलपासोबत तीन किल्ल्या आल्या, तर दोन कुलपांच्या सहा. वापरात दोन. उरलेल्या चार देवघराच्या खिळ्याला एकाच जुडग्यात लटकतात आणि मग दोन कुलपांना काही अर्थ राहत नाही. पेटी ताब्यात घेतानाच किल्ल्या मोजा, आणि दुसऱ्या कुलपाच्या जादा किल्ल्या घराबाहेर, बहिणीकडे नाहीतर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

फवारणीची औषधं याच पेटीत ठेवायला खालचा कप्पा करून देतो, असंही सांगतात. घेऊ नका. द्राक्षबागेच्या गंधकाने लोखंड खाल्लं जातं, आणि काडतुसांशेजारी औषध ठेवणंच चूक. औषधांना वेगळी पेटी करा, पण तिच्यावर फार विसंबू नका. श्रीलंकेत 180 गावं घेऊन त्यांतल्या निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन पाहिल्या. 2017 मध्ये निष्कर्ष छापून आले, त्यात विषबाधा कमी झालेल्या दिसल्या नाहीत. त्याच देशात घातक औषधांवर बंदी आल्यावर मात्र आत्महत्या खूप घटल्या. घरापुरतं बोलायचं तर लागेल तेवढंच औषध आणा आणि साठा करू नका.

पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कापला, कारण काळजी खरोखर वाढली असेल तेव्हा ही पेटीसुद्धा पुरत नाही. म्हातारे मालमत्तेची वाटणी उरकू लागले, ‘आता माझं काय काम’ म्हणू लागले, दारू वाढली, तर बंदूक घरात नको. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. निवडणुकीत जमा करायची सवय असतेच, म्हणून त्यात बेअब्रू वाटत नाही. म्हणायचं कसं? “अण्णा, तुम्हाला झोप लागत नाही, तोवर बंदूक ठाण्यात राहू द्या. बाग उतरली की बघू.” आणि जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो डोक्यात शिरत नाही.

कायमचा मार्ग मात्र फार जणांना ठाऊक नसतो. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तो नेमून देईल त्या वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, शहरात पोलीस आयुक्तालयात. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांसमोर बंदूक मुलाला मिळते, मान राहतो, आणि किल्ली कायद्याने मुलाच्या खिशात जाते. वारसाच्या तब्येतीचा आणि दारूचा विचार तेवढाच करा.

माणसाशी बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. म्हातारे स्वतः फोन लावत नसतील तर घरच्यांनी लावावा, आपण काय करायचं ते तरी विचारता येतं. प्रत्यक्ष दाखवायला त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग. ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हणून नको म्हणाले, तर झोपेच्या तक्रारीवर न्या. प्रसंग हातघाईवर आला तर 112 लावा आणि त्यांना एकटं सोडू नका.

पेटी करून घ्यायचीच असेल, तर दोन्ही कुलपं वेगळ्या किल्लीची आहेत हे पैसे देण्याआधी एकाची किल्ली दुसऱ्यात फिरवून बघा. कधीकधी एकाच किल्लीची दोन्ही बसवून देतात.