६२४ रुपयांच्या पॉइंटसाठी

मी हिशेबनीस आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात बावीस वर्षं वह्या सांभाळतोय. ट्रायल बॅलन्समध्ये एक रुपया जुळत नसेल तर मी जेवायला उठत नाही, असं आमचे शेठ पाहुण्यांना कौतुकानं सांगतात. हे आधी सांगतोय, कारण फसवणूक म्हटलं की लोक म्हणतात, "म्हातारा असेल, शिकलेला नसेल." तसं काही नाही. शिकलेला आहे, पन्नाशीसुद्धा अजून गाठायची आहे, आणि आकड्यांवरच पोट आहे.

नोव्हेंबरच्या १८ तारखेला पुतणीचा बस्ता बांधायला आम्ही नऊ जण नवी पेठेत गेलो. सोलापुरात बस्ता म्हणजे दिवसभराचं काम. गादीवर पांढरी चादर, पोरं वरच्या फळीवरून साड्या फेकतायत, एक सेल्समन आमच्याशी मराठीत, शेजारच्या गिऱ्हाइकाशी तेलुगूत आणि मागं कुणाशी तरी कन्नडमध्ये भाव बोलतोय. वहिनींनी एकच शालू चौथ्यांदा उलगडायला लावला. चहा तीनदा झाला. मानपानाच्या साड्या, आहेराचे शर्टपीस, इरकल, सगळं धरून बिल झालं ६२,४८० रुपये.

दादानं पैसे रोख आणले होते. मी म्हटलं, "रोख माझ्याकडं दे, कार्ड मी घासतो." ही माझी जुनी खोड. शेजाऱ्यांचं विजेचं बिल, मेहुण्याचा फ्रिज, ऑफिसातल्या पोरांचं रिचार्ज, सगळं माझ्या क्रेडिट कार्डावर. ते मला रोख देतात, कार्डावरच्या खर्चाला बँक देते ते बक्षिसाचे पॉइंट माझे. बायको म्हणते, तुम्ही लोकांच्या लग्नातसुद्धा पॉइंट शोधता. ती तेव्हा चेष्टेनं म्हणायची.

पिशव्या घेऊन बाहेर पडलो तर पायरीपाशी एक पोरगा उभा. गळ्यात निळी फीत, तिला ओळखपत्र, हातात टॅब. "काका, लई मोठा बस्ता दिसतोय. बिल दाखवा की, पॉइंट लावून देतो." मग त्यानं मला समजावलं की तुमचं कार्ड दुकानाच्या मेंबरशिपला लिंक केलं की प्रत्येक खरेदीला पाचपट पॉइंट. फक्त इथंच नाही, इतर साखळी दुकानांतही. कार्ड घासलं की आपोआप जमा, नंबर सांगायची कटकट नाही. आणि आजचं बिलसुद्धा धरणार, पण लिंक दोन दिवसांत झाली पाहिजे.

त्यानं कार्ड मागितलं नाही. म्हणून तर मला तो सच्चा वाटला. त्यानं फक्त बिल आणि मशिनची चिठ्ठी बघितली, टॅबवर काही टाइप केलं, माझा मोबाईल नंबर विचारला. मशिनच्या चिठ्ठीवर कार्डाचे शेवटचे चार आकडे छापलेले असतात. बिलावर रक्कम, तारीख, वेळ. म्हणजे त्याला पाहिजे ते सगळं मी स्वतः हातानं उलगडून दाखवलं. वहिनींनी शालू उलगडायला लावला तसं.

एक गोष्ट माझ्या नंतर लक्षात आली. तो पायरीपाशी होता, पण पायरीवर नव्हता. पायरीखाली, फूटपाथवर उभा होता. फूटपाथ दुकानाचा नसतो.

आता २० तारीख. जे हिशेबात आहेत त्यांना २० तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. पोर्टल रांगतंय, आम्ही पुन्हा पुन्हा लॉगिन करतोय, शेठच्या मोबाईलवर ओटीपी येतो, ते तो मला मेसेज करतात, तोवर वेळ संपते, पुन्हा नवा ओटीपी. त्या दिवशी सकाळपासून मी सहा आकडे टाइप करण्याचं यंत्र झालो होतो. पावणेबाराला फोन आला.

"नमस्कार सर, परवा नवी पेठेत तुमचं ६२,४८० चं बिल झालंय ना? कार्डाचे शेवटचे आकडे अमुक. तुमची लिंक अर्धवट राहिलीय, आज रात्री बाराला ते बिल बाद होईल."

चांगलं मराठी. घाई नाही, दमदाटी नाही. मला बिलाची रक्कम पैशांपर्यंत बरोबर सांगितल्यावर मी काय विचारणार? दुकानातूनच बोलतोय हे मी मनातल्या मनात धरून टाकलं. तो तसं एकदाही म्हणाला नव्हता. दहा आकडी साधा मोबाईल नंबर होता. बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठेवलेली आहे हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत असतं तरी उपयोग नव्हता, कारण मी त्याला बँकेचा समजतच नव्हतो, दुकानाचा समजत होतो. दोन खुर्च्यांच्या मधोमध तो बसला होता. बँकेचं काही विचारलं तर दुकानाचा, दुकानाचं विचारलं तर बँकेचा.

व्हॉट्सअॅपवर लिंक आली. पान सुबक. वर माझं नाव, खाली बिलाची रक्कम आणि "प्रलंबित पॉइंट ३,१२०". कार्ड नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरायचे. भरले. मग ओटीपीचा चौकोन, त्यावर लिहिलेलं, "कार्ड लिंक पडताळणी".

इथं जरा थांबतो, कारण खरं घडलं ते इथंच, आणि ते कुणी नीट सांगत नाही. सगळे म्हणतात, ओटीपी कुणाला सांगू नका. मी कुणाला सांगितलाच नाही. आजकाल ओटीपी आला की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत ते सहा आकडे आपोआप दिसतात, बोट लावलं की चौकोनात जाऊन बसतात. मेसेज उघडावाच लागत नाही. मी बोट लावलं. ज्या मेसेजमधून ते आकडे आले होते त्यात, आकड्यांच्या शेजारी, अमुक दुकानाला ३८,९९९ रुपये देण्यासाठी हा ओटीपी आहे असं बँकेनं स्पष्ट लिहिलं होतं. मी आकडे घेतले, ओळ वाचली नाही. बावीस वर्षं व्हाउचरवरची रक्कम वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस मी.

पानावर आलं, "पडताळणी अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा". फोनवरचा म्हणाला, "सर्व्हर स्लो आहे सर, २० तारीख ना." हे ऐकून तर मला तो आपल्यातलाच वाटला. दुसरा ओटीपी आला. पुन्हा बोट लावलं. तो होता २४,५०० चा.

तेवढ्यात शेठ केबिनमधून ओरडले, "ओटीपी पाठवलाय, टाक लवकर!" जीएसटीचा तो आकडा शोधायला मी मेसेजची पेटी उघडली. शेठच्या मेसेजखाली बँकेचे चार मेसेज. दोन ओटीपीचे, दोन पैसे गेल्याचे. मी "हॅलो, हॅलो" म्हटलं. फोन कधीच ठेवला होता.

पुढचं भराभर सांगतो. बँकेच्या अॅपमधून कार्ड बंद केलं, बँकेच्या तक्रारीच्या नंबरवर व्यवहार नोंदवले, तक्रार क्रमांक लिहून घेतला. मग १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे, पाठ करून ठेवा, गडबडीत गुगलवर शोधू नका, तिथंही खोटे कस्टमर केअर नंबर लावून बसलेले असतात. त्यांनी व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम विचारली. मग सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार भरली आणि संध्याकाळी सायबर पोलीस ठाण्यात जाऊन कागद दिले. पैसे गेल्यापासून १९३० लागेपर्यंत चाळीसेक मिनिटं गेली होती. त्यातली वीस मी खुर्चीत नुसता बसून होतो. ती वीस मिनिटं मला अजून टोचतात.

२४,५०० वाचले. त्याची एका ऑनलाइन दुकानात मोबाईलची ऑर्डर टाकलेली होती, माल निघाला नव्हता, ऑर्डर रद्द झाली. ३८,९९९ गेले. त्याची गिफ्ट कार्डं घेतली होती. गिफ्ट कार्ड म्हणजे नुसता एक कोड, तो ई-मेलवर पोचतो आणि पाच-दहा मिनिटांत वापरून मोकळा. त्याला ना गोदाम, ना कुरिअर. थांबवणार कुठं?

बँकेशी मी महिनाभर भांडलो. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. त्यात ग्राहकाची चूक नसेल आणि बँकेचीही नसेल, मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेत गळती झाली असेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काही बोजा नाही, असं आहे. मला वाटलं, मी तर तासाभरात कळवलं. समोरच्या बाईंनी शांतपणे त्याच कागदातला दुसरा परिच्छेद दाखवला. ग्राहकानं स्वतःच्या निष्काळजीपणानं माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. माझे दोन्ही व्यवहार आधीचे, ओटीपी बरोबर. मला राग आला, पण त्या परिच्छेदात खोट काढता आली नाही. लेखी उत्तर घेतलं. तीस दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते. मी केली नाही. तुमच्या बाबतीत ओटीपी न देता पैसे गेले असतील, तर मात्र नक्की करा.

आणि वाद चालू आहे म्हणून बिल थकवू नका. माझ्या कार्डावर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी. मी ३८,९९९ भरून टाकले. पुतणीच्या आहेरासाठी ठेवलेले होते.

दुकानात पुन्हा गेलो. मालक म्हणाले, "आमचा असला कुणी पोरगाच नाही." त्यांची पॉइंटची पद्धत साधी आहे. काउंटरवर मोबाईल नंबर सांगायचा, बिलाला पॉइंट चढतात. कार्डाशी संबंधच नाही. रोख दिले तरी चढतात. मग मी घरी बसून खऱ्या कार्ड-लिंक योजना कशा चालतात ते वाचून काढलं, म्हणजे जे आधी करायला हवं होतं ते. कार्ड बँकेकडं आधीपासूनच आहे. बँकेच्या अॅपमध्ये ऑफरचा विभाग असतो, तिथं आपण ऑफर चालू करायची, दुकानात नेहमीसारखं कार्ड घासायचं, सवलत नंतर बँकच खात्यावर देते. कार्ड नंबर पुन्हा कुठं टाकायचा प्रश्न येत नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर दुकानांना आपला कार्ड नंबर स्वतःकडं साठवताही येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे नंबराऐवजी वापरायचा बदली कोड, असतं. ते टोकन बनवताना ओटीपी लागतो हे खरं, पण ते आपण त्यांच्याच अॅपवर खरेदी करताना होतं. कुणी फोनवर बसून, व्हॉट्सअॅपवर पान पाठवून, आपल्याकडून बनवून घेत नाही.

फोनमध्ये मी एक बदल केला. कीबोर्डच्या पट्टीत ओटीपी सुचवण्याची सोय बंद केली. आता मेसेज उघडावा लागतो, रक्कम डोळ्यांसमोर येते. कार्डाचे ऑनलाइन व्यवहारही अॅपमधून बंद ठेवतो, लागेल तेव्हा चालू करतो. परदेशी साइटवर तर कधी कधी ओटीपीशिवायही पैसे जातात, म्हणून आंतरराष्ट्रीय वापर कायमचा बंद.

बायकोनं चार दिवस काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "त्या पाचपट पॉइंटचे एकूण रुपये किती झाले असते हो?" मी हा हिशेब कधी केलाच नव्हता. शेंगाचटणी तशीच ताटात ठेवून एका पाकिटाच्या मागच्या बाजूला केला. माझ्या कार्डाला शंभर रुपयांना एक पॉइंट, पॉइंटची किंमत २५ पैसे. ६२,४८० चे ६२४ पॉइंट, म्हणजे १५६ रुपये. ते तर मिळणारच होते. पाचपट म्हणजे ३,१२० पॉइंट, ७८० रुपये. फरक ६२४ रुपयांचा.

तिनं पाकीट उलटं करून ठेवलं आणि अजून एक भाकरी वाढली.

डिसेंबरात लग्न झालं. आहेराला मी पाकिटात काय घातलं ते दादाला माहीत आहे, तो काही बोलला नाही. जानेवारीत कार्डाचं स्टेटमेंट आलं. सवयीनं शेवटच्या पानावर पॉइंटचा तक्ता बघितला. रद्द झालेल्या मोबाईलचे पॉइंट वजा झाले होते. पण ३८,९९९ च्या ओळीपुढं ३८९ पॉइंट जमा. सत्याण्णव रुपये पंचवीस पैसे. अजून वापरलेले नाहीत.