मोठ्याने, ओठांत की मनात? जपाची रीत निवडताना

जप सुरू करायचं ठरलं की पहिला प्रश्न पडतो तो मंत्राचा. ॐ घ्यावा, गायत्री घ्यावी, महामृत्युंजय घ्यावा की साधं रामनाम? माझ्या मते त्याच्या जोडीनेच दुसरा प्रश्न विचारायला हवा: मंत्र म्हणायचा कसा? श्वासावर, नाडीवर, मनाच्या धावपळीवर होणारा परिणाम बराचसा या म्हणण्याच्या रीतीवर अवलंबून असतो.

परंपरेत जपाच्या मुख्य तीन रीती आहेत. शेजारच्याला ऐकू जाईल असा तो वाचिक जप. ओठ हलतात, पण दुसऱ्याला काही कळत नाही, तो उपांशु. ओठ आणि जीभ दोन्ही स्थिर ठेवून आतल्या आत चालतो तो मानस. मनुस्मृतीत यांची चढती क्रमवारी सांगितली आहे: विधियज्ञाहून, म्हणजे विधिपूर्वक केलेल्या यज्ञाहून, जप दहा पटींनी श्रेष्ठ, उपांशु शंभर पटींनी आणि मानस हजार पटींनी. ही क्रमवारी वाचून कित्येक जण पहिल्याच दिवशी डोळे मिटून मानस जपाला बसतात, थोड्या वेळात मन भलतीकडे गेलेलं पाहतात आणि ‘आपल्याला जमत नाही’ असं ठरवून उठतात. मला याचं फार वाईट वाटतं. क्रमवारी आहे ती कुठे पोहोचायचं याची. सुरुवात कुठून करायची हे ज्याने त्याने स्वतःची प्रकृती पाहून ठरवायचं.

आवाजाचा जप आणि श्वास

मोठ्याने म्हणताना बोलणं उच्छ्वासावर चालतं. ओळ लांब असेल तर उच्छ्वास आपोआप लांबतो आणि श्वासांची संख्या घटते. एरवी विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. इटलीतल्या पाविया इथले लुचानो बर्नार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. रक्तदाबात दर दहा सेकंदांनी एक नैसर्गिक लाट येत असते, तिच्याशी श्वासाची लय जुळली. रक्तदाब वरखाली झाला की हृदयाची गती बदलून तो सावरणारी एक यंत्रणा शरीरात असते, ती अधिक तत्पर झाली.

भाषा वेगळी, धर्म वेगळा, परिणाम सारखा. श्रद्धावान माणसाला हे कदाचित रुचणार नाही, पण मला त्यात मंत्राची उणीव दिसत नाही. दोन दूरच्या परंपरांनी अनुभवातून शरीराची तीच लय शोधून काढली, ही मोठी गोष्ट आहे.

यातून निवडीला उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. माळा उरकायच्या घाईत धडाधड म्हटलेल्या मंत्राने श्वासाचा हा लाभ मिळत नाही. उलट धाप लागते, कधी चक्करही येते. गायत्री मंत्राची मूळ ऋचा २४ अक्षरांच्या छंदातली, महामृत्युंजयाची ३२ अक्षरांची. एका सावकाश उच्छ्वासात बसत नसेल तर ओघाने जिथे थांबता येईल तिथे थांबून श्वास घ्यावा. ज्यांचा श्वास मुळात तोकडा आहे त्यांनी ॐ किंवा ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र घ्यावा.

ॐकाराच्या शेवटच्या मकाराचं वेगळं महत्त्व आहे. तोंड मिटून गुणगुणताना नाकातली हवा कंप पावते. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं, की गुणगुणत सोडलेल्या श्वासात नाकातून येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण शांत उच्छ्वासाच्या तुलनेत सुमारे १५ पट होतं. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो. नाकालगतच्या पोकळ्यांतली हवा खेळती झाल्यामुळे तो बाहेर येतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेत २०११ साली मेंदूचं चित्रण करून मोठ्याने म्हटलेला ॐ आणि नुसता ‘स्‌ऽऽ’ असा आवाज यांची तुलना झाली. ॐ म्हणताना भीती आणि भावनांशी निगडित भागांचं काम मंदावलेलं दिसलं, ‘स्‌ऽऽ’ म्हणताना दिसलं नाही. माणसं अवघी डझनभर होती, तेव्हा यावर मोठे मनोरे रचू नयेत. पण दिशा कळते.

म्हणून ज्याची छाती भरून येते, श्वास उथळ पडतो, विचारांचा कोलाहल इतका असतो की आतला आवाज ऐकूच येत नाही, त्याने बेधडक वाचिक जप घ्यावा. झोपाळू प्रकृतीच्या माणसानेही. स्वतःचा आवाज कानावर पडत असल्यामुळे लक्ष सुटलं की लगेच कळतं, मंत्र अडखळतो. अडचणी दोन: घसा थकतो आणि एकांत लागतो. दिवसभर बोलण्याचंच काम करणाऱ्यांनी, शिक्षकांनी, गायकांनी आवाज खालच्या पट्टीत ठेवावा.

मनातला जप आणि लक्ष

मानस जपात श्वासाला मंत्राची ओळ बांधत नाही. इथे सगळा व्यवहार लक्षाचा. एकच शब्द पुन्हा पुन्हा मनात म्हटला तर मेंदूत काय होतं, हे इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ध्यानाचा सराव नसलेल्या माणसांत पाहिलं. आपण रिकामे बसलो की स्वतःबद्दल, झाल्यागेल्याबद्दल विचार चालवणारं जे जाळं जागं असतं, त्याच्यासह मेंदूच्या बऱ्याच मोठ्या भागाचं काम शांत झालेलं आढळलं. त्याच त्या गोष्टी उगाळत बसणाऱ्या मनाला मानस जप का उपयोगी पडतो, याचा अंदाज यावरून येतो.

याची खरी ताकद मात्र कुठेही नेता येण्यात आहे. अमेरिकेत युद्धाचा मानसिक आघात झालेल्या १७३ माजी सैनिकांवरचा एक नियंत्रित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः निवडलेला मंत्र दिवसभरात अधूनमधून मनात म्हणायला त्यांना शिकवलं होतं. आघाताची लक्षणं आणि निद्रानाश, दोन्हींत तुलनेच्या गटापेक्षा जास्त उतार दिसला. आसन नको, वेळ नको, कोणाला कळतही नाही. दवाखान्यात नंबर लागण्याची वाट बघताना, रात्री दोनला जाग आल्यावर, कोणाशी बोलताना राग डोक्यात जाऊ लागल्यावर याच्याइतकं हाताशी दुसरं काही नसतं.

त्याची फसगतही तशीच सूक्ष्म. सरावाने मंत्र यंत्रासारखा चालू राहतो आणि त्याच्या खालून उद्याची सगळी कामं ठरून जातात. बसून करताना डुलकी लागते. आणखी एक सावधगिरी मी मुद्दाम सांगेन: ज्यांना मोजण्याची, पुन्हा पुन्हा तपासण्याची अनिवार सक्ती होण्याचा आजार आहे, त्यांच्या बाबतीत ‘अमुक वेळा म्हटलं नाही तर अनिष्ट होईल’ या भीतीने जप त्या आजाराचाच भाग होऊ शकतो. त्यांनी संख्या ठेवू नये आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जपाबद्दल सांगावं.

मधली वाट

उपांशु जपाकडे लोक फारसे वळत नाहीत, आणि मला तोच सर्वांत जास्त लोकांना मानवणारा वाटतो. ओठ-जीभ हलत असल्याने मन पळालं की थोडं तरी लक्षात येतं, घसा शिणत नाही, घरातल्या कोणाची झोप मोडत नाही. वाचिक आणि मानस यांत निवड होत नसेल तर इथून सुरू करायला हरकत नाही.

लिखित जप हा स्थिर बसवत नाही अशा माणसांसाठी. हात, डोळे आणि मन तिघांना एकाच कामाला लावायचं. वेग कमी, म्हणून घाई करणाऱ्यांना चांगला. लिहिता लिहिता अक्षर बिघडू लागलं की थांबावं. सोऽहम्‌चा अजपाजप, म्हणजे न म्हणता श्वासाबरोबर आपोआप चालणारा जप, वेगळ्या जातीचा: श्वास आत येताना ‘सो’, बाहेर जाताना ‘हम्’. दिवसाचे २१,६०० श्वास हाच जप, असं परंपरा सांगते, म्हणजे मिनिटाला पंधरा. नवख्याने पहिल्यांदाच यात पडू नये, कारण इथे धरायला फारच थोडं असतं.

रेकॉर्डिंग लावून ऐकणं ही जपाची जागा घेत नाही. मन निवतं हे खरं, पण श्वास तुमचा लांबत नाही आणि लक्षही तुम्हाला परत आणावं लागत नाही. उच्चार शिकायला मात्र त्याचा उपयोग उत्तम. सामुदायिक नामस्मरणाची गोष्ट याउलट. स्वीडनमध्येच २०१३ साली एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती एकमेकांशी जुळत जाताना मोजली गेली, कारण सगळ्यांचा श्वास एकाच ओळीवर चालतो. एकटेपणाने खचलेल्या माणसाला मी आधी समूहातच बसायला सांगेन.

माळ की घड्याळ? माळेचा स्पर्श लक्षाला मदत करतो. मधल्या बोटावर मणी, अंगठ्याने ओढायचा, तर्जनी दूर, आणि १०८ झाले की मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, न ओलांडता माळ उलट फिरवायची. ज्याला आकडा गाठायची ओढ लागते त्याने मात्र दहा-पंधरा मिनिटांचा गजर लावून मणी बाजूला ठेवावेत.

रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर जपाच्या भरवशावर ती स्वतःहून कमी करू नये. श्वास लांबवताना तो कोंडूनही धरू नये, विशेषतः हृदयविकार असेल तर. काही आठवडे वाचिक जप नीट चालल्यावर आवाज आपोआप खाली यायला लागतो, मग ओठांतच राहतो. तो येऊ द्यावा. एखाद्या अस्वस्थ दिवशी मन पुन्हा ऐकेनासं झालं, तर परत मोठ्याने म्हणायला लागावं.