काकूंच्या नावाचा रस्त्याचा बोर्ड बनवून घेतला, त्या सर्व्हिसचा रिव्ह्यू (लांबलाय, पण कामाचा आहे)

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो देवनागरीच्या गोंधळापायी, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय कारण मराठीत बोर्ड करणाऱ्यांना तीच माहिती जास्त लागेल. साइनवाल्यांचं नाव टाकत नाही, ऑनलाइन ऑर्डर घेणारे असे ढीगभर आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच अनुभव येईल असं वाटतं.

आमच्या गल्लीतल्या काकू गेल्या. त्या कुठल्या पदावर नव्हत्या, देणगीबिणगी दिलेली नाही, पेपरात नाव आलेलं नाही. पण सगळ्या घरांच्या जादा चाव्या त्यांच्याकडे असायच्या, दाराच्या आतल्या बाजूला एक फळी, तिच्यावर खिळे, प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाचा दोरा, लेबल एकालाही नाही, आणि लाइट गेलेली असली तरी चाचपून बरोब्बर तुमचीच चावी काढून द्यायच्या. कोणाचं पोरगं शाळेतून आलं की घरी कोणी नसतं, कोणाला रात्री उठवलं तर चालेल आणि कोणाला नाही, हे सगळं तोंडपाठ. त्यामुळे रस्त्याला त्यांचं नाव द्यायचं म्हटल्यावर कोणीच विरोध केला नाही, जे आमच्या गल्लीत पार्किंगपासून पाण्यापर्यंत कुठल्याच विषयावर आजवर झालेलं नाही.

बोर्ड मागवायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण साइनवाले ती स्वतःहून सांगत नाहीत. रस्त्याचं नाव अधिकृतपणे बदलणं वेगळं आणि मूळ नाव तसंच ठेवून सन्मानाचं जोडनाव देणं वेगळं. पहिल्यात सगळ्यांचे पत्ते बदलतात, म्हणजे घराचे कागद, बँक, टपाल, अँब्युलन्सला सांगायचा पत्ता, सगळी उठाठेव. दुसऱ्यात काहीच बदलत नाही, फक्त खांबावर एक जादा पाटी येते. शिकागोत हा प्रकार १९६४ पासून चालू आहे, तिथे सन्मानाच्या पाट्या तपकिरी असतात म्हणजे नेहमीच्या हिरव्या पाट्यांमध्ये गल्लत होत नाही, आणि पत्ता जुनाच राहतो. न्यूयॉर्कमध्ये सिटी कौन्सिल त्यासाठी रीतसर कायदाच पास करते, तिथेही मूळ नाव जागेवर. शेजारच्या माणसासाठी हाच मार्ग बरा, लोकांचे पत्ते बदलायला लावले तर काकूंनाच शिव्या बसायच्या. परवानगी मात्र दोन्हीकडे लागते, खांब पालिकेचा असतो, आपल्या बापाचा नाही. काही साइनवाले वेबसाइटवर अगदी ‘ऑफिशियल स्ट्रीट साइन’ असं लिहितात, त्याचा अर्थ इतकाच की दिसायला तसा आहे.

कोणीतरी म्हणालं खांब कशाला, घराच्या भिंतीवरच पाटी लावू. लंडनमध्ये नामवंतांच्या घरांवर निळ्या गोल पाट्या असतात, त्या तशाच. पण तिथली १८६७ ची अगदी पहिली पाटी कवी बायरनच्या घराला लावलेली आणि १८८९ मध्ये ते घरच पाडलं, पाटीही गेली. काकूंचं घर पुढे विकलं जाईल, पाडलंही जाईल. रस्ता कुठे जात नाही. म्हणून खांब.

आता मालाबद्दल. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा घेतला, कोपरे गोल केलेले, कडा घासून दिलेल्या, हात फिरवला तर कुठे कापत नाही. लोखंडी पत्रा स्वस्त पडतो पण ओरखडा पडला की गंज तिथून आत शिरतो. एनॅमलचा पर्यायही होता, म्हणजे स्टीलवर काचेचा थर भट्टीत साधारण ८०० डिग्रीला भाजतात तो, दिसायला फार देखणा आणि रंग पिढ्यानपिढ्या टिकतो, पण पोरांचा बॉल बसून टवका उडाला तर खालचं स्टील गंजतं. आमच्या गल्लीत बॉल बसणार हे नक्की, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

वरचा रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे लाइट पडला की चमकणारा थर, हा खरा प्रश्न. दोन ग्रेड ऑफर होतात, एक साधा इंजिनिअर ग्रेड, ज्यात बारीक काचेचे मणी असतात, आणि दुसरा प्रिझमॅटिक हाय इंटेन्सिटी, ज्याच्याकडे जवळून बघितलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा चौकटींची नक्षी दिसते. पहिल्याची हमी साधारण ७ वर्षं देतात, दुसऱ्याची १०. आम्ही दुसरा घेतला आणि रात्री गाडीचा लाइट पडला की फरक डोळ्याला कळतो, बाजूची जुनी पाटी नुसती मळकट दिसते. फक्त एक विचारून घ्या की अक्षरं छापील शाईची आहेत की कापलेल्या फिल्मची. साधी डिजिटल प्रिंट असेल आणि वरून यूव्हीचं लॅमिनेशन, म्हणजे ऊन अडवणारं पारदर्शक आवरण, नसेल तर उन्हात रंग उडतो, त्यातही लाल सगळ्यात आधी. आमच्याकडे लाल अक्षरंच ठेवायचा हट्ट एकाने धरलेला, साइनवाल्याच्या माणसानेच त्याला समजावून परत पाठवलं, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. त्या माणसाला जास्तीचं काही विकायची घाई नव्हती.

आता तो कापलेला स्टार. आम्ही नाव युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप करतो तसं, टाइप करून मेल केलं. त्यांच्या डिझायनरने ते कॉपी करून जुन्या फॉन्टमध्ये पेस्ट केलं आणि पहिल्या प्रूफमध्ये, म्हणजे छापण्याआधी तपासायला पाठवतात त्या नमुन्यात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, रफार गायब, आणि जोडाक्षर फुटून मध्ये पाय मोडलेला. त्याला कळवलं तर त्याचा रिप्लाय ‘आमच्या स्क्रीनवर बरोबर दिसतंय’. त्याला मराठी वाचता येत नसावं, तो फक्त आकार जुळवत होता आणि आकार त्याच्या मते जुळत होते. शेवटी नाव आम्हीच आउटलाइन करून पीडीएफ पाठवली, म्हणजे अक्षरं फॉन्ट न राहता चित्र होतात आणि कोणाच्याही कॉम्प्युटरवर तशीच राहतात. मग सुरळीत. तुम्ही पहिल्यापासून हेच करा, आणि प्रूफ गल्लीतल्या अशा माणसाला दाखवा जो शुद्धलेखनावरून भांडतो. प्रत्येक गल्लीत एक असतोच.

अक्षरांच्या उंचीचा घोळ तर त्यांच्या चार्टमध्येच आहे. चार्ट इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने केलेला. ढोबळ नियम असा की २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर साधारण ९ मीटरवरून वाचता येतं, म्हणजे १०० मिलिमीटरचं ३६ मीटरवरून. पण देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, त्यांना जागा द्यावी लागते, आणि डिझायनर तेवढ्याच पट्टीत सगळं बसवायला मधलं अक्षर दाबतो. वरपासून खालपर्यंत मोजलं तर १०० भरतात, पण डोळा जे वाचतो ते मधलं अक्षर निम्म्यावर आलेलं. आम्ही पट्टी लावून प्रूफवर मोजलं म्हणून सापडलं. ऑर्डर देताना सरळ लिहा की शिरोरेघ ते अक्षराचा पाय एवढं अंतर १०० हवं, मग पत्रा उंच लागला तर लागू दे. आणि शिरोरेघ बारीक ठेवू देऊ नका, लांबून ती पुसटते आणि नाव विस्कटल्यासारखं दिसतं.

कुठलं नाव टाकायचं यावर मात्र साइनवाले काही मदत करू शकत नाहीत, ते आपलं आपणच भांडायचं. कागदोपत्री नाव टाकलं तर गल्लीतल्या अर्ध्या लोकांना कळलंच नसतं कोण ते, कारण सगळे हाक मारायचे काकू म्हणून. त्यांच्या मुलाचं म्हणणं पूर्ण नाव हवं, त्याचंही चूक नाही. शेवटी लोकांच्या तोंडचं नाव मोठ्या अक्षरात वर आणि पूर्ण नाव छोट्या ओळीत खाली असं ठरलं. जन्ममृत्यूची सालं टाकली नाहीत, खांबावरच्या पाटीवर ती वाचता येत नाहीत आणि उगाच जागा खातात. फोटो टाकायचा विचारही साइनवाल्यांनी सुचवला होता, तो घेतला नाही, रिफ्लेक्टिव्हवर चेहरा रात्री भलताच दिसतो. सॅम्पल बघून सगळे गप्प झाले.

फिटिंगचं सामान सोबत आलं, क्लॅम्प आणि स्टेनलेसचे बोल्ट, प्रत्येकाखाली नायलॉनचा वॉशर. हा वॉशर हरवू नका, तो नसला की बोल्ट आवळताना वरचा थर फिरतो आणि फाटतो, तिथून पाणी आत जातं. साधे लोखंडी बोल्ट वापरले तर ते गंजतात आणि पाटीवर तांबूस ओघळ उतरतात. चोरीला न जाणारे, एकदा आवळले की डोकं तुटून जाणारे नट हवे असतील तर वेगळे मागावे लागतात, मागा. बसवायला पालिकेचाच माणूस आला, कारण शिडी घेऊन आपण चढलो तर परवानगी असूनही भानगड. उंचीचं त्याने आधीच ठरवून आणलं होतं, वाद घालायला वाव ठेवला नाही.

पॅकिंग उत्तम, कोपऱ्यांना फोम, पुढच्या बाजूला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. पाटी लावल्यावर तो पापुद्रा लगेच काढा, उन्हात राहिला की चिकटतो. तक्रारीचा फोन मात्र कोणी उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच उत्तर येतं, त्यामुळे फोनच्या नादी लागू नका. त्यांनी डिझाइनची फाइल जपून ठेवलीय असं सांगितलंय, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पाटी लावायची चर्चा चालू आहे, परवानगी मिळाली की ऑर्डर यांनाच देणार, पण पीडीएफ पुन्हा आमचीच पाठवणार.