‘१४ पॉइंट मुंबई दर्शन’: खान्देशातून बुकिंग करण्याआधी हे वाचा

सुट्ट्या जवळ आल्या की जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगावकडे पेपरात घालून एक पत्रक येतं. ‘एका दिवसात मुंबई दर्शन! १४ पॉइंट, एसी बस, गाईड, जेवण, फ्रेश होण्याची सोय.’ वर गेटवेचा फोटो आणि खाली मोबाइल नंबर, पत्ता मात्र नाही. असलंच एक दर्शन आम्ही माणशी १,८५० रुपये मोजून करून आलो, रेल्वेचं तिकीट वेगळं. त्यात काय मिळालं ते सविस्तर लिहितोय, कारण तसंच पत्रक आता चोपडा आणि पारोळ्याकडेही फिरतंय असं कानावर आलं.

बुकिंग घेणारा माणूस बोलायला एकदम गोड. “भो, तुम्ही फक्त रात्री गाडीत बसा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं आपल्याकडे.” ऑफिस म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानात टाकलेलं टेबल. पैसे क्यूआरवर घेतले, स्क्रीनवर नाव आलं भलत्याच बाईचं. विचारलं तर “आमच्या वहिनी, अकाउंट त्यांच्या नावावर आहे.” गुलाबी पावती दिली, तिच्यावर शिक्का होता, सही नव्हती. पावतीच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ छापलेली होती: ‘प्रवेश फी व नौका तिकीट स्वखर्चाने. काही पॉइंट बाहेरून दाखवले जातील.’ टेबलावर पत्रक दाखवताना ही ओळ त्याने एकदाही तोंडातून काढली नाही.

तारीखही त्यानेच ठरवून दिली. सोमवार. “शनिवार-रविवार गर्दी असते, आबांना त्रास होईल.” आबा म्हणजे माझे सासरे, गुडघ्याचं दुखणं आहे, आयुष्य कापसात आणि केळीत गेलं. त्यांना एकच हौस होती, बोटीत बसून घारापुरीची लेणी बघायची. आणि घारापुरी, म्हणजे एलिफंटा, सोमवारी बंद असते! नेहरू तारांगणही सोमवारी बंद. दोन्ही त्याच्या यादीत ठळक अक्षरात. मुंबईत सोमवारी दर्शनाच्या बसमध्ये सीटा रिकाम्या राहत असणार, स्वस्तात मिळत असणार, म्हणून हा माणूस बाहेरगावच्या लोकांना सोमवारच देतो, असं माझं स्पष्ट मत झालंय.

रात्री विदर्भ एक्स्प्रेसला जळगावला बसलो, सकाळी सीएसएमटी. ‘फ्रेश होण्याची सोय’ म्हणजे स्टेशनची वेटिंग रूम, जी तिकीट असलेल्या कुणालाही वापरता येते. एसी बस आली ती एसी नव्हती. त्यात नाशिक, नांदेड, इंदूर अशी कुठकुठली माणसं आधीच बसलेली.

गाईडच्या हातात माइक. बस सुरू झाली आणि पहिला पॉइंट तिथेच संपला. “डावीकडे बघा, सीएसएमटी! फोटो घ्या, फोटो!” ज्या इमारतीतून आम्ही आत्ताच बाहेर पडलो होतो, ती! १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षांनी पूर्ण झालं, २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, एवढं तरी सांगायचं. पण माइकवर पुढच्या पॉइंटची घोषणा झालीसुद्धा. मोजणीची गंमत अशी की गेटवे एक पॉइंट आणि त्याच्या समोर उभं असलेलं ताज दुसरा. हँगिंग गार्डन एक आणि रस्त्यापलीकडचा म्हातारीचा बूट वेगळा. सी-लिंक हाही पॉइंट, ५.६ किलोमीटरच्या त्या पुलावर गाडी थांबवताच येत नाही, त्यामुळे खिडकीतून जे दिसेल ते दर्शन. आणि मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय! ते बंद होऊन काळ लोटला, तरी पत्रकात त्याचा रंगीत माशांसकट फोटो आहे.

गेटवेला बस पोचल्यावर गाईडने चेहरा पाडून जाहीर केलं, “आज सोमवार ना, एलिफंटा बंद. सरकारी नियम. पण मी तुमच्यासाठी एलिफंटाची बोट करून देतो.” माणशी पैसे घेऊन बोटीत बसवलं, बंदरात अर्धा तास गोल फिरवलं आणि परत आणलं. घारापुरीला बोटीने जायलाच तासभर लागतो, यायला तेवढाच. वर धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या, पंधरा वर्षांवरच्या भारतीय माणसाला ४० रुपयांचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट, आणि ती अठरा-वीस फुटी त्रिमूर्ती नीट बघायची म्हटली तर अर्धा दिवस तिथेच जातो. म्हणजे वार कोणताही असो, एका दिवसाच्या चौदा पॉइंटमध्ये घारापुरी बसूच शकत नाही. पत्रकात हे नाव दिसलं की तिथेच ओळखावं. आबा बोटीतून उतरले आणि शांतपणे म्हणाले, “पैसा बठ्ठा पाणीमा गया.”

जवळच्या म्युझियमचं तसंच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनं प्रिन्स ऑफ वेल्स, गेटवेपासून चालत दहा मिनिटांवर. ते बसमधून दाखवलं. “आत गेलात तर तीन तास जातील.” खरं आहे, तीन तास घालवावेत असंच ते आहे. मग यादीत टाकायचं कशाला?

हाजी अलीला तर हद्द झाली. गाईड माइकवर सांगतोय, भरती आहे, वाट पाण्याखाली आहे, बाहेरूनच नमस्कार करा. भरतीला ती वाट बुडते हे खोटं नाही. पण आमच्या खिडकीतून त्याच वाटेवर माणसांची रांग चाललेली दिसत होती, लहान पोरं पळत होती. नांदेडच्या एका काकांनी बोट करून दाखवलं, तर गाईड म्हणाला, “ते लोकल लोक आहेत.” बसमध्ये सगळे हसले, पण बस काही थांबली नाही.

घाई कशाची होती ते नंतर समजलं. सगळ्यात जास्त वेळ बस कुठे थांबली असेल तर एका मोत्यांच्या दुकानासमोर. गेटवेपेक्षाही जास्त. ‘होलसेल, सरकारमान्य, टुरिस्टला खास रेट.’ दारातच ड्रायव्हरने काउंटरवरून एक चिठ्ठी सही करून घेतली, त्यावर माणसांचा आकडा लिहिलेला होता. कमिशनचा हिशेब उघड्यावर चाललेला. आमच्या आत्याला तिथे एक माळ दाखवली, “खरा मोती, ताई.” जळगावच्या बाईला दागिना विकायला निघालेला माणूस! आत्याने माळ हातात घेतली, एक मोती हळूच पुढच्या दातांवर घासला. खरा मोती दाताला किंचित खरखरीत लागतो, नकली काचेसारखा सरकतो. आत्या म्हणाली, “गुळगुळीत आहे रे बाबा,” आणि माळ परत ठेवली. बसमधल्या इतरांनी मात्र बऱ्याच पिशव्या घेतल्या.

जेवण म्हणजे एक वडापाव आणि पाण्याची छोटी बाटली. थाळी हवी तर स्वखर्चाने. आत्याने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती म्हणून आबांची गोळी वेळेवर झाली.

संध्याकाळी सीएसएमटीला सोडायचं ठरलं होतं, सोडलं दादरला. तिथे ड्रायव्हरशी जरा चढ्या आवाजात बोलणं झालं आणि त्याच्या तोंडून खरं बाहेर आलं. “साहेब, तुमच्या माणसाने आम्हाला सीटमागे साडेचारशे दिले. साडेचारशेचं असतं तेच दाखवलं. जेवण, एसी, हे सगळं त्याने परस्पर सांगितलं असेल.” १,८५० मधले साडेचारशे मुंबईला, बाकीचे जळगावातच राहिले. या धंद्याची सगळी रचना या एका वाक्यात आहे. गावात पैसे घेणाऱ्याकडे ना बस असते ना गाईड. तो फक्त ‘पार्टी’ पुढे देतो. त्यामुळे मुंबईवाला म्हणतो मी काही कबूल केलं नव्हतं, आणि गावातला म्हणतो मुंबईवाल्याने गडबड केली.

परत आल्यावर झेरॉक्सवाल्याने सांगितलं, टेबल उचलून नेलं. फोन बंद, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तो घेतला, पण “हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक मंचात जा” असा सल्ला मिळाला. सल्ला वाईट नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे आधी तक्रार नोंदवता येते. आणि लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट ही, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात (म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचात) तक्रार करता येते. बस मुंबईची म्हणून मुंबईला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते. लागतं काय? पत्रक, पावतीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, बसचा नंबर दिसेल असा फोटो. पत्रक रद्दीत टाकू नका, त्यातली ‘जेवणासह’ ही अक्षरंच आपला पुरावा असतात.

कुणाला तरीही बसनेच जायचं असेल, तर पैसे देण्याआधी प्रत्येक ठिकाणासमोर ‘आतून’ की ‘बाहेरून’, किती वेळ, आणि तिकीट कोणाचं, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. बसच्या मालकाचं नाव आणि गाडीचा नंबरही. देणारा देतो. न देणारा “भो, विश्वास नाही का” म्हणतो. वारही बघून घ्या: सोमवारी घारापुरी, तारांगण आणि बोरिवलीची कान्हेरी लेणी बंद, बुधवारी राणीची बाग बंद.

खरं तर बसची गरजच नाही. माझ्या मेव्हण्याने नंतर घरच्यांना स्वतः फिरवलं. सकाळी सीएसएमटीला उतरून इमारत समोरच्या फुटपाथवरून निवांत पाहिली, टॅक्सीने गेटवे, मग चालत म्युझियम. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने घ्यायची, फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं ३१ रुपये आहे. रिक्षा त्या भागात चालतच नाही, कोणी “रिक्षा स्टँडवर सोडतो” म्हणाला तर समजून घ्या. दुपारी सीएसएमटीहून भुयारी मेट्रोने थेट सिद्धिविनायक, तिथून परत चर्चगेटला उतरून संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. ठिकाणं मोजकीच, पण प्रत्येक नीट पाहिलेलं.

आम्ही आयोगात तक्रार केली, तिची नोटीस गेल्यावर त्या बुकिंगवाल्या माणसाचा नव्या नंबरवरून फोन आला. पैसे परत देणं जमणार नाही, पण तक्रार मागे घेतली तर गोव्याच्या पॅकेजमध्ये ‘ॲडजस्ट’ करून देतो म्हणाला. मी म्हटलं, भाऊ, हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव. त्याने पाठवलं. तो स्क्रीनशॉट आता तक्रारीला जोडलाय.