फ्लोअर कर्लिंगचा सेट घेताय? सेट चांगला आहे, सोबतचं पत्रक मात्र अर्धवट

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत क्लबहाऊससाठी फ्लोअर कर्लिंगचा, म्हणजे बर्फावरचा कर्लिंग हा खेळ फरशीवर खेळायचा सेट ऑनलाइन मागवला होता (स्टोन सरकवत न्यायचा आणि वर्तुळाच्या मध्याच्या जास्तीत जास्त जवळ थांबवायचा, जवळ त्याला पॉइंट), आता रोज संध्याकाळी त्याच्यावर नंबर लागतात म्हणून नीट लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मला मराठीत काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

आधी वस्तूबद्दल. आठ स्टोन, म्हणजे सरकवायचे प्लास्टिकचे गोटे, येतात, चार लाल चार निळे, खाली बेअरिंग असल्यामुळे फरशीवर मस्त सरकतात, सोबत वर्तुळं छापलेली चटई म्हणजे हाऊस, आणि ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी ढकलायच्या दोन काठ्या. प्लास्टिक दणकट आहे, पोरांनी एवढं आपटूनही तडा नाही. फक्त बेअरिंगमध्ये केस आणि धूळ अडकते, अधूनमधून पालथे करून जुन्या टूथब्रशने साफ करावेच लागतात नाहीतर स्टोन एका बाजूला ओढतो. पावसाळ्यात चटईच्या कडा वर येतात, टेप लावून टाका. बर्फावरच्या खऱ्या खेळाशी तुलना करू नका, तिथला ग्रॅनाइटचा स्टोन १७ ते २० किलोचा असतो, पट्टा ४५ मीटरच्या आसपास, आणि पुढे दोघं ब्रशने बर्फ घासत पळत असतात, इथे ते घासणं नाहीच.

आता माझी खरी तक्रार. पत्रकात पॉइंट कसे मोजायचे एवढंच दिलंय, आणि कर्लिंगमध्ये वागायचं कसं याबद्दल एक ओळ नाही. अहो, या खेळाचा अर्धा जीव त्यातच आहे! स्कॉटलंडमध्ये सुरू झालेला हा खेळ, क्लबात तर अंपायरशिवायच चालतो, आपली चूक आपणच सांगायची अशी पद्धत. सरकत्या स्टोनला आपला पाय किंवा ब्रश लागला तर समोरच्याने ओरडायची वाट बघायची नाही, लगेच बोलायचं. हाऊसजवळ लागला असेल तर सगळे स्टोन थांबू द्यायचे आणि मग निर्णय समोरच्या टीमचा, स्टोन काढून हललेले परत लावा, आहे तसं राहू द्या, किंवा न लागता जिथे गेले असते असं वाटतं तिथे ठेवा. २०१८ च्या प्योंगचँग ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्कच्या मुलींकडून असाच स्टोनला धक्का लागला, तेव्हा कॅनडाची कॅप्टन रेचल होमनने तो सरळ बाहेर काढला. नियमात शंभर टक्के बसत होतं, तरी खिलाडूपणा कुठे गेला म्हणून केवढी चर्चा झाली, आणि मॅच शेवटी डेन्मार्कनेच जिंकली. मला स्वतःला वाटतं होमनवर जरा जास्तच टीका झाली, पण नियमाने वागूनही लोक प्रश्न विचारतात असे खेळ किती आहेत सांगा.

म्हणून आम्ही पत्रकाच्या मागे पेनाने आमची यादी लिहिली. सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांशी हात मिळवायचा. समोरचा टाकत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही, बाजूला उभं राहायचं. त्याचा स्टोन चुकला तर टाळ्या नाहीत, चांगला पडला तर आपल्या विरोधातला असला तरी वा म्हणायचं. आणि पॉइंट मोजेपर्यंत कुणी स्टोनला हात लावायचा नाही, दोन्ही बाजूंचा एकेक जण हाऊसमध्ये उभा राहून ठरवेल, कुणाचा स्टोन मध्याच्या जास्त जवळ ते नजरेने कळलंच नाही तर दोरीने मोजायचं.

हे चालेल का अशी मला धाकधूक होती, कारण खाली बॉक्स क्रिकेटमध्ये रोज आउट की नॉट आउटवरून हमरीतुमरी. पण परवाच नववीतल्या एका मुलीचा पाय शेवटच्या स्टोनला घासला, आम्हा कुणालाही दिसलं नव्हतं, स्टोन बरोब्बर मधे जाऊन थांबला, आणि ती स्वतःच म्हणाली, “आजोबा, माझा पाय लागला.” समोरच्या टीमचे आजोबा चष्मा सारखा करत वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “राहू दे गं, तसाही तिथेच गेला असता.” त्या एका स्टोनवर आजोबांची टीम हरली. मग कटिंग जिंकलेल्यांकडून, कारण कर्लिंग क्लबांमध्ये जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायची रीत आहे आणि ती आम्ही पहिल्या दिवसापासून धरलीय. रडीचा डाव खेळणारी एकदोन पोरं होती, तीही आता आपणहून हात वर करतात.

विकणाऱ्याला मेसेज केलाय की पत्रकात हे एक पान टाका, मराठीतही टाका, अजून उत्तर नाही. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो त्या पत्रकासाठीच. घेणार असाल तर नऊ-दहा मीटर सलग मोकळी जागा आणि गुळगुळीत टाइल्स हव्यात, खडबडीत कोटा लादीवर स्टोन अडखळतात, तिथे पैसे घालू नका.